फेब्रुवारीत सहा रात्री माल्टा: व्हिसा, वारा आणि गोझोचा दिवस

देवळालीकर_मीनल

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर सहा रात्री राहायचा विचार आहे. माणसं तीन: आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांचं वय ६९, गुडघे दुखतात, अंडंसुद्धा खात नाहीत. पोहायचं कुणालाच नाही. जुनी मंदिरं, दगडी गावं, समुद्रकाठी चालणं आणि थोडी शांतता एवढंच हवं आहे. यादीत माल्टा, क्रीट आणि सँटोरिनी ही तीन नावं आहेत.

विचारायचं ते असं. थंडीत यातलं कुठलं बेट खरंच चालू असतं? व्हिसाची फाईल नाशिकहून केव्हा आणि कशी लावायची? खोली घेताना काय तपासायचं? आणि आईंच्या जेवणाचं कसं करायचं? टूर कंपनीबरोबर जायचं नाही, सगळं स्वतःच बुक करणार आहोत.

---

मखमलाबाद_प्रवासी

तिघांत माल्टा घ्या. सँटोरिनीतली बरीच हॉटेलं आणि खाणावळी नोव्हेंबर ते मार्च बंद असतात. क्रीट सुंदर आहे, पण मोठं आहे. गाडी नसेल तर हिवाळ्यात बसच्या फेऱ्या जुळवता जुळवता दिवस जातो, आणि प्रसिद्ध समारिया घळ मे ते ऑक्टोबरच उघडी असते. माल्टात लोक बारा महिने राहतात, त्यामुळे बस, दुकानं, संग्रहालयं सगळं सुरू असतं. मुख्य बेट २४६ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण आपल्या महापालिकेच्या हद्दीएवढं. इंग्रजी तिथली राजभाषा आहे, त्यामुळे दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात आईंसाठी काही विचारायचं झालं तरी अडत नाही.

आता व्हिसा. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मर्यादा १५ दिवस. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण कायद्याने ४५ पर्यंत जाऊ शकतात. मध्ये नाताळची सुट्टी येते, म्हणून फेब्रुवारीच्या प्रवासासाठी फाईल नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेलेली बरी. जानेवारी उजाडेपर्यंत थांबू नका.

फी मोठ्यांना ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाआकार. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोचा, संपूर्ण शेंगेनसाठी, निघण्याच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंत सलग. आईंच्या विम्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत का, हे पॉलिसीच्या कागदात वाचून घ्या. एजंटच्या तोंडी सांगण्यावर राहू नका.

फाईल अडते ती बहुतेक वेळा पैशामुळे नाही, कागदांचा मेळ बसत नाही म्हणून. सगळ्यात जास्त घोळ नावाचा. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये, बँकेत फक्त आद्याक्षरं, आयटीआरमध्ये आडनाव आधी. तुमच्या घरी तर लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन नावं असण्याची शक्यता आहे. एकाच व्यक्तीची नावं वेगवेगळी दिसत असतील तर कव्हर लेटरमध्ये दोन ओळींत तसं लिहा आणि विवाह प्रमाणपत्र जोडा. दुसरा घोळ खात्यात अचानक आलेल्या मोठ्या रकमेचा. एफडी मोडून अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात टाकली तर ती कुठून आली ते दाखवावं लागतं. त्यापेक्षा एफडी तशीच ठेवा आणि तिची पावती जोडा. तिसरा घोळ रात्रींच्या हिशेबाचा. विमान, हॉटेल आणि विमा या तिन्हींतल्या तारखा एकमेकींशी जुळल्याच पाहिजेत. विमान ४ तारखेच्या पहाटे उतरतंय आणि हॉटेल ५ पासून, अशी एक रात्र उघडी राहिली की लगेच शंका येते.

सासूबाईंचा खर्च तुम्ही करणार असाल तर मुलाचं खर्चाची हमी देणारं पत्र, नातं दाखवणारा कागद (मुलाच्या पासपोर्टवर आईचं नाव असतंच) आणि पेन्शन असेल तर तिचं स्टेटमेंट लावा.

बोटांचे ठसे द्यायला तिघांनाही स्वतः मुंबईला जावं लागेल. गेल्या पाच वर्षांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर ते बहुतेक पुन्हा वापरतात. पंचवटी एक्सप्रेसने जाणार असाल तर अपॉइंटमेंट दुपारी बाराच्या नंतरचीच घ्या. गाडी सीएसएमटीला अकराच्या सुमारास पोचते आणि तिथून पुढे केंद्रापर्यंतचा वेळ वेगळा. काम आटोपून संध्याकाळच्या पंचवटीने परत येता येतं.

---

गंगापूररोड_अ

विमानाबद्दल. मुंबईहून माल्टाला थेट विमान नाही, एक थांबा धराच. दोन प्रकारचे थांबे असतात आणि त्यातला फरक आधीच कळलेला बरा. रोम किंवा फ्रँकफर्टमार्गे गेलात तर इमिग्रेशन तिथेच होतं, माल्टाला नुसतं उतरून बाहेर. इस्तंबूल किंवा दुबईमार्गे गेलात तर इमिग्रेशन माल्टाला. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या जागी ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथे वेळ लागतो. म्हणून युरोपात थांबा असेल तर तो किमान तीन तासांचा घ्या. दीड तासाचं तिकीट स्वस्त दिसेल, पण आईंना घेऊन पळापळ होईल.

सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असू द्या. दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्या कंपनीवर काहीच बंधन नसतं. शिवाय बॅग मध्येच काढून पुन्हा द्यावी लागते, आणि त्यासाठी त्या देशाच्या हद्दीत शिरावं लागलं तर त्यांचा व्हिसा लागतो.

नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्ली आणि तिथून पुढे असा मोह होईल. डिसेंबर-जानेवारीत करू नका, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीलाही जपून. दिल्लीचं पहाटेचं धुकं सगळं वेळापत्रक कोलमडवतं. मुंबईला रस्त्याने चार तास धरा, वर एक तास राखीव. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटातली कोंडी टाळता येते, पण आमण्यापासून पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी आहे तिथेच आहे.

आईंसाठी तिकिटाबरोबरच व्हीलचेअर मागून ठेवा. पैसे लागत नाहीत आणि इमिग्रेशनच्या रांगेतही तिचा उपयोग होतो.

---

द्राक्षबाग_पिंपळगाव

हवामानाबद्दल वेगळं लिहितो, कारण बहुतेकांचा बेत इथेच फसतो. फेब्रुवारीत माल्टाला दुपारी १५-१६ अंश, रात्री ९-१० अंश. वाचून वाटतं, हे तर आपल्या निफाडपेक्षा उबदार. आकडा खरा आहे, पण तिथे थंडी आकड्यात मावत नाही. कारणं दोन: वारा आणि ओल.

आधी वारा. बेट उघडं, झाडी कमी, डोंगर नाहीत. वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्याला तिथले लोक मज्जिस्त्राल म्हणतात, ईशान्येकडून येणाऱ्याला ग्रिगाल, आणि आग्नेयेकडून येणारा दमट तो श्लोक. हे लक्षात ठेवायचं कारण असं, की कुठला वारा आहे त्यावर त्या दिवशी कुठे जायचं ते ठरतं. ग्रिगाल असला की स्लीमा आणि सेंट ज्युलियन्सच्या किनारी रस्त्यावर लाटा उडतात आणि राजधानी व्हॅलेटाच्या बंदरातल्या छोट्या बोटी बंद होतात. त्या दिवशी मदिना, रबात या बेटाच्या आतल्या जुन्या गावांकडे जायचं. मज्जिस्त्राल जोरात असेल तर गोझो या शेजारच्या बेटाकडच्या अंगाला समुद्र खवळतो, तेव्हा दक्षिण-पूर्वेकडचं मार्साश्लोक किंवा व्हॅलेटासमोर बंदरापलीकडे असलेला 'तीन शहरां'चा भाग बरा. हवामान खात्याचा अंदाज माल्टाच्या विमानतळाच्या संकेतस्थळावर रोज मिळतो. त्यात फक्त पावसाचं चिन्ह पाहू नका, वाऱ्याची दिशा आणि फोर्स (वाऱ्याच्या जोराचा आकडा) पाहा. फोर्स ५ किंवा त्याच्या वर दिसलं तर त्या दिवशी बोटीचा कुठलाच बेत नको.

म्हणून माझा आग्रह एवढाच: कुठल्या तारखेला कुठे जायचं हे नाशिकमधून ठरवून निघू नका. सहा दिवसांची ठिकाणं ठरवा, क्रम रोज रात्री अंदाज बघून लावा. गोझोसाठी दोन दिवस मोकळे ठेवा आणि त्यातला शांत दिवस वापरा. आगाऊ पैसे भरलेली बोटीची सहल घेतलीत तर हे स्वातंत्र्य जातं.

आता ओल. तिथली जुनी घरं पिवळसर मऊ चुनखडीची. उन्हाळ्यात गार राहायला बांधलेली, हिवाळ्यात आतून दमट. मुळात हीटर नसतात, त्यामुळे कित्येकदा बाहेर ऊन आणि आत गारठा अशी गत होते. खोली घेताना मालकाला तीन प्रश्न लिहून विचारा. एसी गरम हवाही देतो का, आणि तो बेडरूममध्ये आहे की फक्त बाहेरच्या खोलीत? त्याच्या विजेचे पैसे वेगळे का? खोली तळघरात किंवा रस्त्याच्या पातळीखाली आहे का? खोलीबद्दलचे अभिप्राय वाचताना जानेवारी-फेब्रुवारीचेच वाचा. ऑगस्टमध्ये राहून गेलेल्याला ओलीचं काय कळणार?

कपडे: जाड लोकरीच्या कोटापेक्षा वारा अडवणारं पातळ जाकीट, आत थर्मल, कान झाकणारी टोपी. छत्री उलटी होते, रेनकोट न्या. बूट रबरी तळाचे आणि खाचा असलेले. व्हॅलेटाचा दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालाय आणि पावसाच्या दोन थेंबांनी देवळाच्या तेलकट पायरीसारखा निसरडा होतो. आईंसाठी काठी बरोबर असू द्या.

एक गोष्ट मात्र मला मनापासून सांगायची आहे. हिवाळ्यातच ते बेट हिरवं असतं. उन्हाळ्यात सगळं करपलेलं. फेब्रुवारीत बांधांवर आणि पडीक शेतांत पिवळ्याजर्द फुलांचा गालिचा असतो. आपल्याकडे कुंडीत उगवते त्या आंबुशीच्याच कुळातलं ते रोप, पानं तशीच तीन बदामांची आणि देठ चावला तर तसाच आंबट. बदामाची झाडंही याच दिवसांत फुलतात. द्राक्षबागा मात्र बोडक्या दिसतील. आपल्याकडे तेव्हा तोडणी चालू असते, तिथे वेल झोपलेला असतो आणि काढणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. जेल्लेव्झा आणि जिरजेंतिना या तिथल्या दोन देशी जाती. बागायतदार माणसाने बाटलीवर ही नावं शोधून जरूर पाहावीत.

---

देवळालीकर_मीनल

खूप आभार. क्रम मोकळा ठेवायचा हे डोक्यातच आलं नव्हतं. आणखी दोन प्रश्न: राहायला व्हॅलेटा की स्लीमा? आणि सहा दिवसांत सिसिलीची एक दिवसाची फेरी बसेल का?

---

मखमलाबाद_प्रवासी

सिसिली सोडा. व्हॅलेटाहून सिसिलीतल्या पोत्साल्लोला जाणारी वेगवान बोट पावणेदोन तासांत नेते, पण हिवाळ्यात समुद्र खराब असला की फेरी रद्द होते किंवा हलवतात. तिथल्या एट्ना ज्वालामुखीच्या एक दिवसाच्या सहलीला पहाटे निघून मध्यरात्रीच्या सुमारास परत, बहुतेक वेळ बसमध्ये. गुडघेदुखीच्या माणसाला हे नको.

राहण्याबद्दल: गुडघ्यांचा विचार करता स्लीमा किंवा त्याला लागून असलेलं ग्झिरा. किनाऱ्याचा रस्ता सपाट, इमारती नव्या, लिफ्ट असते. व्हॅलेटाचं सौंदर्य वेगळंच, पण शहर एका उंच सोंडेवर वसलंय. मधला रिपब्लिक स्ट्रीट बराचसा सपाट, मात्र त्याला काटकोनात उतरणाऱ्या गल्ल्या म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. जुन्या घरांत लिफ्ट क्वचितच. व्हॅलेटातच राहायचं असेल तर शहराच्या वेशीजवळच्या वरच्या टोकाला घ्या, तिथून बसचं मुख्य स्थानक हाकेच्या अंतरावर आहे.

स्लीमाहून व्हॅलेटाला फेरीबोट दहा मिनिटांत नेते. पण उतरल्यावर वर चढून जावं लागतं, म्हणून आईंबरोबर बसच घ्या. तीन शहरांकडून येणाऱ्या बोटीचं तसं नाही. तिथे धक्क्याजवळच बाराक्काची लिफ्ट आहे, ती थेट वरच्या बागेत सोडते. दुपारी १२ वाजता त्या बागेखालून तोफ उडते. आईंना आवडेल, फक्त आधी सांगून ठेवा, आवाज दणदणीत असतो.

बसचं गणित असं. एका तिकिटावर दोन तासांत बदलून कुठेही जाता येतं. तिघांनी मिळून कमी फिरायचं असेल तर १२ फेऱ्यांचं कार्ड घ्या, ते एकत्र वापरता येतं. रोज चार-पाच बस होणार असतील तर प्रत्येकी सात दिवसांचं एक्सप्लोर कार्ड. थांब्यावर नुसतं उभं राहू नका, बस दिसली की हात दाखवा, नाहीतर ती निघून जाते. गच्च भरलेली बस हात दाखवूनही थांबत नाही, म्हणून परतीला शक्यतो मुख्य स्थानकावरूनच चढा. आणि पाटीवर एक्स हे अक्षर दिसलं तर त्याचा उच्चार श. थांब्याचं नाव विचारताना हे उपयोगी पडतं.

---

गंगापूररोड_अ

गोझोचा दिवस. व्हॅलेटाहून ४१ किंवा ४२ नंबरची बस चिर्केव्वाच्या धक्क्याला, वेळ सव्वा तास किंवा जास्तच. तिथून गाड्या नेणारी मोठी फेरी २५ मिनिटांत गोझोच्या म्जार बंदरात. जाताना तिकीट मागत नाहीत, परतताना ४ युरो ६५ सेंट घेतात. व्हॅलेटाहून थेट ४५ मिनिटांची वेगवान बोटही आहे, पण वारा वाढला की आधी ती बंद होते. सकाळी तिने गेलात तरी परतीला मोठ्या फेरीचा पर्याय मनात असू द्या.

गोझोत उतरल्यावर आईंसाठी बंदरावरून टॅक्सी ठरवा. तासाला एक बस अशी वाट पाहण्यात दिवस जातो, आणि फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तीनच ठिकाणं घ्या: ज्गंतिया मंदिरं, व्हिक्टोरियाचा किल्ला आणि द्वेय्राचा किनारा. ज्गंतिया इसवीसनपूर्व ३६०० च्या सुमाराची, पिरॅमिडांच्या हजारभर वर्षं आधीची. तिथल्या उभ्या शिळा जवळून पाहिल्यात तर दगडाच्या दोन जाती ओळखू येतात. बाहेरची भिंत खरबरीत कठीण चुनखडीची, आतल्या दारांना आणि वेदीला मऊ पिवळी. काय कुठे टिकेल याची त्यांना पक्की जाण होती. आपल्या पांडवलेण्यांतली कोरीव कामं पाहिलेल्या माणसाला इथे तासभर सहज पुरतो. द्वेय्राला प्रसिद्ध दगडी कमान शोधू नका, ती ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली.

मुख्य बेटावर हाजार ईम आणि म्नाय्द्रा ही तशीच जुनी मंदिरं. व्हॅलेटाहून ७४ नंबरची बस. दोन्हींत अर्धा किलोमीटर उताराची वाट आहे, येताना तीच चढ. आईंनी वरचं हाजार ईम पाहून थांबलं तरी चालेल. जवळच्या निळ्या गुहांच्या बोटी हिवाळ्यात बऱ्याचदा बंद असतात. रस्त्याकडेच्या कठड्यावरूनच वरून बघा.

हायपोजियमचं तिकीट वेगळं प्रकरण. जमिनीखालची ती दफनगुंफा जपण्यासाठी तासाला फक्त १० जण सोडतात, म्हणून तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. व्हिसा हातात आला की त्याच दिवशी बुक करा, आधी करू नका. चुकलं तर दुसऱ्या दिवसाची थोडी तिकिटं व्हॅलेटाच्या सेंट एल्मो किल्ल्यावर जास्त दराने मिळतात, त्यासाठी सकाळी उघडायच्या आधी रांगेत उभं राहावं लागतं. आत अरुंद पायऱ्या आहेत, गुडघ्यांना जड जातील.

पावसाचा दिवस सेंट जॉन्स को-कॅथेड्रलला द्या. काराव्हाज्यो या इटालियन चित्रकाराने सही केलेलं एकमेव चित्र तिथे आहे, १६०८ चं. चित्रात खाली सांडलेल्या लाल रक्तातच सही आहे, नीट बघा. टोकदार टाचांच्या चपला आत चालत नाहीत आणि रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो.

तारखा अजून हलवता येत असतील तर १० फेब्रुवारी आत येईल असं बघा. सेंट पॉलचं जहाज बुडाल्याच्या स्मरणाचा तो सण, सार्वजनिक सुट्टी. व्हॅलेटाच्या गल्ल्यांतून मूर्तीची मिरवणूक निघते आणि गॅलऱ्यांतून कागदाच्या चिटोऱ्यांचा पाऊस पडतो. त्या दिवशी शहरात शिरणाऱ्या बसचे मार्ग बदलतात, तेवढं धरून चला.

---

सिडको_अन्नपूर्णा

जेवणाचं मी सांगते. आधी काय न्यायचं नाही ते. युरोपियन संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, चीज घरीच. दुधाची भुकटी घातलेली इन्स्टंट चहाची पाकिटं लोक सहज टाकतात, तीही काढा. ताजी फळं आणि पानंसुद्धा नकोत, त्यामुळे आपली द्राक्षं आणि कढीपत्ता दोन्ही राहू द्या. केळी, नारळ, खजूर अशा मोजक्याच फळांना सूट आहे. चिवडा, दाण्याची चटणी, मेतकूट, थेपले (तेलाचे, दही न घातलेले), कोरडे पोहे, उपम्याचा भाजलेला रवा हे सगळं चालतं. रवा तुपात नको, तेलात भाजा.

स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या. तिथले प्लग तीन चपट्या पिनांचे, ब्रिटिश पद्धतीचे. आपली गोल पीन जात नाही. एक चांगला अडॅप्टर आणि आपलं छोटं एक्स्टेंशन बोर्ड न्या, म्हणजे तिघांचे फोन एकावर भागतात. किटली खोलीत बहुतेक असते, पण ती आणि खोलीतला हीटर एकाच बोर्डावर लावू नका.

बाहेर खाताना आईंसाठी: बिजिल्ला म्हणजे कडधान्याची लसूण घातलेली चटणी, पावाबरोबर पोटभरीची. कापुनाता ही वांगी-टोमॅटोची गार भाजी. पास्तित्सी नावाची खारीसारखी पापुद्र्याची करंजी जागोजाग मिळते. एक मटाराची, एक रिकोटा चीजची. मटाराचीच मागा, पण पापुद्र्यात चरबी वापरली आहे का ते विचारा, काही ठिकाणी डुकराची चरबी असते. फ्तीरा या गोल पावात न सांगता ट्यूना घालतात. "ट्यूना नको, अँकोव्ही नको, अंडं नको" असं तिन्ही वेगवेगळं सांगा, नुसतं व्हेज म्हटलं तर मासा येऊ शकतो. सोप्पा ताल-आर्मला नावाचं भाज्यांचं सूप दिसायला शाकाहारी, पण त्यात अंडं फोडतात. गोडात खजुराचे तळलेले इम्आरेत, गरम गरम. आपल्या सांजोरीची आठवण येईल. तेही कशात तळलंय ते विचाराच. चीज खात असतील तर ते प्राण्याच्या रेनेटचं (दूध फाडायला वापरतात त्या वासराच्या पोटातल्या अर्काचं) असू शकतं, तुमच्याकडे ते पाळत असाल तर टाळा.

नळाचं पाणी सुरक्षित असतं, पण बरंचसं समुद्राचं गोडं केलेलं, चवीला मचूळ. बाटली घेतलीत तर तिच्या किमतीत १० सेंट अनामत असते. रिकामी बाटली न चेपता सुपरमार्केटबाहेरच्या मशिनमध्ये टाकली की परत मिळते. चेपली तर मशीन घेत नाही.

आईंची औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. बीपी-शुगरची गोळी पहिल्या दिवशी किती वाजता घ्यायची ते निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवा.

---

देवळालीकर_मीनल

सगळं लिहून घेतलं. तारखा ५ ते ११ फेब्रुवारी धरते, म्हणजे १० चा सण सापडेल. मुक्काम ग्झिराला, लिफ्ट आणि गरम हवेचा एसी विचारूनच. गोझोसाठी ७ आणि ८ मोकळे ठेवते. एकच राहिलं: पैसे रोख किती न्यावेत?

---

गंगापूररोड_अ

कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, बसमध्येसुद्धा. तिघांत मिळून २०० युरो रोख पुरेत, तेही १०-२० च्या नोटांत. बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर निघण्याआधी सुरू करा, एका कार्डावर अवलंबून राहू नका. दुकानातलं मशीन "रुपयांत की युरोत" असं विचारेल, तेव्हा युरोच दाबा. रुपये दाबले की भाव त्यांचा लागतो आणि तो नेहमी महाग पडतो. एटीएमवरही हाच प्रश्न येतो.

तारखांबद्दल: ७ किंवा ८ चा अंदाज ५ तारखेला पोचल्यावर बघा. त्याआधीच्या अंदाजावर विसंबू नका. दोन्ही दिवस वाऱ्याचे निघाले तर ९ हा तिसरा पर्याय, आणि मदिना त्या वाऱ्याच्या दिवसांतच उरका. ती कुठल्याही वाऱ्यात बघता येते.